सोनौलीमार्गे नेपाळ: सेवेला एकट्याने, बसने जाणाऱ्यांसाठी अनुभव धागा

लुंबिनीला धम्मसेवेला (विपश्यना केंद्रात बिनपगारी सेवा) किंवा काठमांडू-पोखऱ्याकडे एखाद्या संस्थेत कामाला एकट्याने जायचंय, विमान परवडत नाही, असे प्रश्न सारखे येतात. माहितगारांनी इथे भर घालावी. निसर्गवर्णन नको. कागद, थांबे, पैसे, आणि गाडं कुठे अडतं ते लिहा.

बेलहिया_गेट
मुंबईहून गोरखपूरला कुशीनगर किंवा काशी एक्सप्रेस. स्टेशनबाहेर पडलात की चालत जाण्याच्या अंतरावर 'रेल्वे बस स्टेशन' आहे, तिथून यूपी परिवहनची सोनौली (सीमेवरचं आपल्या बाजूचं गाव) बस धरायची. अंतर शंभरेक किमी, वेळ साधारण तीन तास.

स्टेशनाबाहेरच एजंट गाठतात आणि 'थेट काठमांडू' तिकीट विकतात. घेऊ नका. सीमेपलीकडे ती चिठ्ठी कुणी ओळखत नाही आणि पुढचं भाडं पुन्हा भरावं लागतं. या वाटेवर प्रत्येक तुकड्याचं तिकीट त्या-त्या ठिकाणीच काढायचं. बस सीमेच्या गेटच्या अलीकडे सोडते. सायकलरिक्षावाले 'लांब आहे' म्हणतील, पण ट्रकांच्या रांगेच्या कडेने चालत गेलं तरी पोचता. आपल्या बाजूला एसएसबी (सशस्त्र सीमा बल), पलीकडे नेपाळचे पोलीस बॅग उघडायला लावतात. गेट ओलांडलं की बेलहिया. भैरहवा तिथून चार किमी, ई-रिक्षा मिळते. घड्याळ १५ मिनिटं पुढे करा, नाहीतर पुढची बस तेवढ्यावरून चुकते.

आयसी_एनसी
ओळखपत्र म्हणून पासपोर्ट किंवा मतदार कार्ड, मूळ प्रत. नुसत्या आधारवर विसंबू नका. व्हिसा लागत नाही, शिक्काही बसत नाही. म्हणजेच तुम्ही कधी आलात याचा पुरावा तुमच्याकडे नसतो. बसची तिकिटं जपून ठेवा, संस्था कधीकधी मागतात.

पैशाचं सोपं आहे: १०० भारतीय म्हणजे १६० नेपाळी, दर बांधलेला. पण सीमेलगत दोन्ही चलनं चालतात, म्हणून भाडं ठरवताना 'आयसी की एनसी?' (भारतीय चलन की नेपाळी) हे आधी विचारा. कंडक्टर '५००' म्हणाला आणि ते एनसी असेल, तर आपले साडेतीनशेसुद्धा होत नाहीत (३१२ रुपये ५० पैसे). गुपचूप पाचशे देणारे रोज भेटतात. नोटा १०० च्या न्या, त्या बिनघोर चालतात. मार्च २०२४ पासून नेपाळच्या फोनपेच्या (Fonepay, आपलं PhonePe नव्हे) क्यूआरवर आपलं यूपीआय चालतं, मात्र ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर घरूनच चालू करून घ्या. बसमध्ये रोखच.

तराईतला
फोनबद्दल: आपलं पॅक पलीकडे गेलं की संपलं. रोमिंग घेणार नसाल तर ओटीपी लागणारी सगळी कामं सोनौलीतच उरका. नेपाळी सिमसाठी फोटो आणि ओळखपत्राची झेरॉक्स जवळ हवी.

जननी_सेवक
लुंबिनीच्या धम्म जननी या विपश्यना केंद्राबद्दल लिहितो, कारण इगतपुरीला विपश्यनेचं शिबिर केलेले बरेच जण सेवेसाठी तिकडचा अर्ज भरतात. किमान एक दहा दिवसांचं शिबिर पूर्ण झालेलं हवं, आणि केंद्राचा होकार आल्याशिवाय निघू नये. बुद्धजयंतीच्या आसपास राहायची जागा मिळत नाही.

भैरहव्याच्या बुद्ध चौकातून लुंबिनीची लोकल बस मिळते. बावीसेक किमी, पण थांबत थांबत तास जातो. खरी गोची शेवटच्या टप्प्यात. लुंबिनीचा परिसर जवळपास पाच किमी लांब आणि दीड किमी रुंद आहे, अनेक दारांचा. भलत्या दाराशी उतरलात तर पाठीवर सामान घेऊन उन्हात तासभर तंगडतोड. कंडक्टरला चढतानाच 'शांतीदीप' (तिथली अखंड ज्योत, पीस फ्लेम) सांगा, केंद्र त्याच्या जवळ आहे. अंधार पडल्यावर आत ई-रिक्षा मिळेलच असं नाही, म्हणून दुपारी पोचाल असं गणित मांडा. मच्छरदाणी, टॉर्च, दोन चादरी. जानेवारीत तराईत (नेपाळच्या दक्षिणेकडच्या सपाट पट्ट्यात) धुकं आणि शीतलहर असते, बस रखडतात. तेव्हा शिबिराच्या आदल्या दिवशीच पोचलेलं बरं.

त्रिशूली_काठ
काठमांडूला जाणाऱ्यांसाठी. बुटवल, नारायणगढ, मुग्लिंग असा रस्ता. बुटवल-नारायणगढ रुंदीकरण वर्षानुवर्षं चाललंय. दाउन्नेच्या चढावर पावसात गाड्या रुततात आणि पाठीमागे मैलभर रांग लागते. आठ तासांचे बारा सहज होतात. नारायणगढ-मुग्लिंग हा ३६ किमीचा पट्टा एका बाजूला डोंगर, एका बाजूला नदी. जुलै २०२४ मध्ये सिमलतालला पहाटे दरड कोसळून दोन बस त्रिशूलीत गेल्या. माझं मत स्पष्ट आहे: आषाढ-श्रावणात रात्रीची बस नको, दिवसाची घ्या.

पोखऱ्याला पाल्पावरून जाणारा सिद्धार्थ महामार्ग जवळचा, पण वळणांचा. ओकारीचा त्रास असेल तर पुढच्या सीट मागा. टपावरचं सामान प्लास्टिकमध्ये गुंडाळा. तिकिटावर तारीख विक्रम संवताची असते, म्हणून काउंटरवर वार विचारून खात्री करा. दसैंच्या (नेपाळी दसरा) तोंडावर जागा मिळणं मुश्कील.

रात्रबसवाला
@त्रिशूली_काठ, पावसाळ्यापुरतं मान्य. कोरड्या महिन्यांत रात्रीची बसच सोयीची, पहाटे काठमांडूतल्या कलंकीला उतरवते. फक्त संस्थेला विचारून ठेवा, कलंकी जवळ की गोंगबु बसपार्क. दोन्ही शहराच्या वेगळ्या बाजूंना आहेत.

एनआरआय_मावशी
अमेरिकन पासपोर्टवाल्या भाचरांसाठी: ओसीआय (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्यांचं कार्ड) असलं तरी नेपाळचा व्हिसा लागतो. १५ दिवस ३० डॉलर, ३० दिवस ५०, ९० दिवस १२५. सोनौलीच्या बाजारातलं भारतीय इमिग्रेशनचं छोटं ऑफिस नजरेतून सुटतं. बाहेर पडल्याचा शिक्का नसेल तर पलीकडून परत पाठवतात. आणि पर्यटक व्हिसावर बिनपगारी कामही परवानगीशिवाय चालत नाही, तेव्हा संस्थेला हे आधी विचारा.

बालगृह_नको
एक भर. अनाथालयात दोन आठवड्यांसाठी कुणालाही घेणारी, पैसे आगाऊ मागणारी आणि पोलीस पडताळणी न विचारणारी जागा टाळाच. तिकडच्या बऱ्याच मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. पाहुण्यांच्या पैशासाठी त्यांना गावाकडून आणलेलं असतं.