सल्ला हवाय: रावेरच्या शिवारातले पक्षी आणि बारके प्राणी, नोंदी कशा ठेवाव्यात?

केळीबाग_रावेर:
नमस्कार मंडळी. मी रावेर तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवतो. घर गावाच्या टोकाला आहे. मागे केळी, बाजूला ओढा, ओढ्यापलीकडे कपाशी आणि हरभरा, उत्तरेला सातपुड्याची रांग. विजेच्या तारेवर नीळकंठ आणि वेडे राघू, खांबावर पिंगळा, बांधावर मुंगसाची जोडी, सगळं रोजचंच. पण रोज दिसतं म्हणून ते कुठे लिहून ठेवलेलं नाही. आता ठेवायचं मनावर घेतलंय.

तर विचारायचं असं की दुर्बीण कोणती घेऊ? दहा हजारांच्या वर जायचं नाही. नोंदी वहीत कराव्यात की मोबाईलवर? आणि मुख्य अडचण म्हणजे पक्षी निदान दिसतात तरी, रात्रीच्या प्राण्यांचं काय करायचं? छपरावरून रात्री काहीतरी जातं. आई म्हणते उदमांजर, शेजारचे काका छातीठोकपणे रानमांजर सांगतात. कॅमेरा नाही, फोन आहे. पुस्तक मराठीत असेल तर उत्तम.

हिवाळी_पाहुणा:
दुर्बीण ८×४२ किंवा ८×४० घ्या आणि विषय संपवा. पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसतं, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुकानदार १०×५० गळ्यात मारायला बघेल. ती जड असते, हात हलला की पक्षीही हलतो आणि दिसणारा परीघही सहसा लहान. ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच येतात, म्हणजे डोळ्यात साधारण सव्वापाच मिलिमीटरचा प्रकाशझोत शिरतो. पहाटे आणि दिवेलागणीला त्याचाच उपयोग. झूमवाली दुर्बीण फुकट दिली तरी घेऊ नका.

पुस्तक मात्र चित्रांचं घ्या, फोटोंचं नको. फोटोत एका पक्ष्याची एका उन्हातली एक पोज असते. चित्रकार सगळ्या पक्ष्यांना सारखं उभं करून ओळखीच्या खुणा दाखवतो.

सोनचाफा:
वाचनखूण साठवली. आमच्याकडेही छपरावर असंच कुणीतरी येतं.

तापीकाठचा:
भाऊ, तुम्ही खानदेशात बसून विचारताय म्हणून जरा सविस्तर लिहितो. नोंद म्हणजे काय, हे शिकायला तुमच्या भागाइतकी चांगली गोष्ट दुसरीकडे मिळणार नाही.

रानपिंगळा माहीत असेलच. तुमच्या खांबावरच्या पिंगळ्याचा जंगलातला नातेवाईक. डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, पोटाचा खालचा भाग पांढरा स्वच्छ, पाय दणकट, आणि दिवसाढवळ्या शिकार करणारा. पक्षीतज्ज्ञ ह्यूम यांनी १८७३ साली त्याला शास्त्रीय नाव दिलं. १८८० च्या दशकात डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने पश्चिम खानदेशात, तळोदा-शहादा भागात, त्याचे काही नमुने, म्हणजे मारून भरून ठेवलेले पक्षी, गोळा केले. १८८४ नंतर पक्षी गायबच झाला. मध्ये एकच नोंद होती. कर्नल माइनर्ट्झहेगन या नामांकित पक्षीतज्ज्ञाने म्हटलं होतं की आपल्याला तो १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ मिळाला. नाव मोठं, त्यामुळे लोकांनी ते खरं धरलं आणि त्या दिशेने शोध घेतला. हाती काही लागलं नाही.

पुढे पामेला रासमुसेन या पक्षीशास्त्रज्ञ बाईंनी संग्रहालयातले नमुने बारकाईने तपासले, तेव्हा लक्षात आलं की या गृहस्थांनी दुसऱ्यांचे नमुने चोरून, पुन्हा भरून, त्यांना स्वतःच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. तो ‘मांडवीचा’ रानपिंगळाही मुळात डेव्हिडसनचाच. खोटी चिठ्ठी बाजूला ठेवून जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या गावांकडे त्या आणि त्यांचे दोन सहकारी वळले आणि २५ नोव्हेंबर १९९७ ला शहाद्याजवळ रानपिंगळा समोर बसलेला दिसला. तब्बल ११३ वर्षांनी! पुढे मेळघाटात सापडला, तुमच्या शेजारच्या यावलमध्येही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की जागा आणि तारीख ही नोंदीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, पक्ष्याचं नाव त्यानंतर. ओळख चुकली तर वर्णन वाचून दहा वर्षांनीही कुणी सुधारू शकतो. जागा चुकीची लिहिली तर ती सुधारायला कुणीही येऊ शकत नाही. ‘रावेरजवळ’ असं लिहू नका. ‘अमुक गाव, ओढ्याचा पूर्वेकडचा काठ, बाभळींची रांग’ असं लिहा. वेळ, ऊन की ढग, किती वेळ पाहिलं, किती होते, काय करत होते. नाव येत नसेल तर जागा रिकामी सोडा आणि जे दिसलं ते लिहा. ‘चिमणीएवढा, शेपूट सतत उभी, नर काळा, शेपटीखाली तांबूस’ एवढं वाचलं की कुणीही सांगेल, चीरक आहे. नुसतं ‘चीरक?’ लिहिलं असेल तर त्या प्रश्नचिन्हाचं पुढे कुणी काय करायचं?

आणि जागेवरच लिहा. घरी येऊन आठवून लिहिलेल्या वर्णनात पुस्तकातलं चित्र हळूच शिरतं.

बर्कलीकर:
तापीकाठचा यांना पूर्ण अनुमोदन. मी कॅलिफोर्नियात बर्कलीला राहते, इथल्या विद्यापीठात पृष्ठवंशीय प्राण्यांचं संग्रहालय आहे. १९०८ सालचं. त्याचे पहिले संचालक जोसेफ ग्रिनेल यांची नोंदवहीची पद्धत अजून शिकवतात. रोजनिशी वेगळी, प्रत्येक जातीची पानं वेगळी, आणि नमुन्यांची यादी वेगळी. रोजनिशीत रस्ता, हवा, झाडोरा सगळं. मग त्यातून त्या-त्या जातीच्या पानावर उतरवायचं. तुम्ही नमुने गोळा करणार नाही, तेव्हा पहिली दोन पुरेत.

याचं फळ नंतर दिसलं. ग्रिनेल आणि मंडळींनी १९१४ ते १९२० मध्ये इथल्या योसेमिटीच्या डोंगराळ भागात जिथे जिथे उंदीर, खारी, चिचुंद्र्या मोजल्या होत्या, त्याच जागी शतकभराने लोक पुन्हा गेले. २००८ साली निष्कर्ष छापून आला: २८ जातींपैकी निम्म्या जातींच्या डोंगरावरच्या सीमा बदललेल्या, सरासरी ५०० मीटरच्या आसपास वर सरकलेल्या. जुन्या वह्यांमध्ये ‘इथे सापळे लावले, अमुक काही मिळालं नाही’ हेही लिहिलेलं होतं, म्हणून तुलना जमली. काय दिसलं नाही ते आपल्याकडे कुणी लिहीतच नाही.

तापीकाठचा:
आपल्याकडेही सुरुवात झाली होती की! मुंबईच्या बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) १९११ मध्ये सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली, आणि तिचा पहिला अहवाल खानदेशाचाच आहे, १९१२ सालचा. केळीबाग, तुमच्याच भागातले उंदीर-खारी त्यात आहेत. गुरुजींच्या शाळेने पुढचं पान लिहायला हरकत नाही.

बिळातली_बाई:
लहान सस्तन प्राणी हा माझा विषय, तेव्हा छपरावरच्या पाहुण्याकडे वळूया. आई बरोबर असण्याची शक्यता जास्त. उदमांजर चढण्यात पटाईत. छप्पर, माड, आंब्याचा शेंडा, सगळं त्याचं. शेपूट लांब आणि एकरंगी काळपट, वलयं नाहीत, चेहऱ्यावर काळा मुखवटा. रानमांजर उंच पायांचं, शेपूट आखूड आणि टोकाला वलयं, कानाच्या टोकांना केसांचे छोटे झुबके. ते ओढ्याकाठी, उसात, गवतात मिळेल, छपरावर सहसा नाही. तिसरा उमेदवार जवादी मांजर, अंगावर ठिपक्यांच्या ओळी आणि शेपटीला ठळक वलयं, पण तेही जमिनीवरचंच.

सकाळी भिंतीवर, कठड्यावर, विहिरीच्या काठावर लेंडी पडलेली बघा. बोरांच्या, जांभळांच्या, उंबराच्या बिया अख्ख्या दिसल्या तर उदमांजर. केस आणि हाडांचे तुकडे असतील तर मांजर. काडीने उलटा, हाताने नको. घुशी-उंदरांचा वावर असलेल्या ओल्या जागी तर उघड्या हाताने आणि जखम असलेल्या पायाने जाऊच नका, त्यांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो.

कॅमेरा नसला तरी चालतं. बांधावर जिथून पायवाट जाते तिथे हातभर रुंद पट्ट्यात चाळलेली बारीक माती किंवा राख पसरा, संध्याकाळी सपाट करा, पहाटे ऊन तिरकं असताना बघा. तिरक्या उन्हात ठसा उठून दिसतो, दुपारी काहीच कळत नाही. चार बोटं, नखं नाहीत, गोल ठसा म्हणजे मांजर कुळातलं. चार बोटं आणि नखं म्हणजे कुत्रा, कोल्हा, खोकड. पाच बोटं आणि लांब नखं म्हणजे बहुधा मुंगूस, मात्र त्याचं पाचवं बोट दर वेळी उमटत नाही. शेजारी काडेपेटी ठेवून बरोबर वरून फोटो काढा.

खारींचे पट्टेही मोजा. पाठीवर तीन की कडेचे फिकट दोन धरून पाच? तुमच्याकडे दोन्ही जाती भेटू शकतात, म्हणून नुसतं ‘खार’ लिहून भागणार नाही.

पिंजरा लावून धरू मात्र नका. १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, परवानगी लागते, आणि त्यातून तुम्हाला जास्तीचं काही कळणारही नाही.

चातकवेडा:
वही-बिही ठीक, पण ई-बर्ड टाका मोबाईलवर. पक्ष्यांची मराठी नावं येतात, वेळ आणि अंतर आपोआप मोजलं जातं. शेवटी विचारतात, ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवले का? त्याला प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणता यावं म्हणून कावळा, होला, साळुंकी सगळं लिहायचं. म्हणजे जे यादीत नाही ते दिसलं नाही, हे बर्कलीकरताईंचं कलमही आपोआप भरलं. प्राण्यांसाठी आय-नॅचरलिस्ट. आणि आवाज ओळखायला मर्लिन आहेच, पुस्तक कशाला हवं?

हिवाळी_पाहुणा:
मर्लिनच्या भरवशावर याद्या भरणाऱ्यांनी वैताग आणलाय. कोतवाल शिक्र्याची नक्कल हुबेहूब करतो आणि फोन आनंदाने ‘शिक्रा’ दाखवतो. फोनने सुचवावं, तुम्ही पक्षी बघावा, मग लिहावं.

केळीबाग_रावेर:
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. आईला वाचून दाखवलं, काकांना अजून नाही.

आणखी एक. शाळेजवळ सोसायटीचं जुनं गोदाम आहे, तिथे गव्हाणी घुबडाची जोडी राहते. खाली काळ्या गोळ्या पडतात, मुलं त्याला घुबडाची विष्ठा म्हणतात. त्यातून काही कळतं का?

बिळातली_बाई:
अहो, हे आधी सांगायचं! ती विष्ठा नव्हे, उलटी. घुबड भक्ष्य बहुतेक वेळा अख्खं गिळतं, न पचलेली हाडं आणि केस यांची गोळी करून तोंडाने बाहेर टाकतं. रात्रभर तुमच्या शिवारात कोण फिरत होतं त्याची यादी ते घुबड तुम्हाला आणून देतंय. पिंगळ्याच्या गोळीत बहुतांशी किड्यांचे पंख-पाय निघतात, पण गव्हाणीच्या गोळीत कवट्या असतात.

गोळ्या कडक उन्हात चांगल्या वाळवा. मास्क आणि हातमोजे घालून, कोमट पाण्यात भिजवून, चिमट्याने सोडवा. मग दात बघायचे. पुढे पटाशीसारखे मोठे पिवळट-नारिंगी दात, त्यानंतर मोकळी जागा आणि मागे दाढा, म्हणजे उंदीर किंवा घूस. दातांची रांग सलग, टोकदार, पांढरी, मध्ये फट नाही, म्हणजे चिचुंद्री. मुलांना हे एकदा दाखवलं की चिचुंद्री हा उंदराचा प्रकार नाही हे वेगळं शिकवावं लागत नाही. प्रत्येक गोळी वेगळ्या पाकिटात, पाकिटावर तारीख आणि जागा. एका गोळीतले जबडे मोजताना डावे-उजवे वेगळे करा, नाहीतर एका उंदराचे दोन होतील. महिन्यावार मांडलंत तर हरभऱ्याच्या दिवसांत काय खाल्लं आणि पावसाळ्यात काय, हा फरक दिसायला लागेल.

पिल्लं असतील तर गोदामात जाऊ नका, गोळ्या दारापाशी पडतात त्याच उचला. जागेचा पत्ता नेटवर टाकू नका, घुबडांच्या मागे अमावस्येचे गिऱ्हाईक असतात. आणि कवट्या शाळेत मांडून ठेवायच्या असतील तर आधी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना विचारा.

तापीकाठचा:
५ ते १२ नोव्हेंबर राज्यात पक्षी सप्ताह असतो, तेव्हा मुलांना घेऊन हतनूरच्या जलाशयावर जा. बदकं नुकती उतरायला लागलेली असतात. वही मुलांच्या हातात द्या, दुर्बीण तुमच्याकडे ठेवा.

केळीबाग_रावेर:
गोदामाची चावी सोसायटीच्या सचिवांकडे असते, उद्या विचारतो. गोळ्या ठेवायला खाकी पाकिटं चालतील की प्लास्टिकचीच हवीत?

बिळातली_बाई:
खाकीच. प्लास्टिकमध्ये दमट राहून बुरशी धरते. आणि दोन-तीन डांबराच्या गोळ्या डब्यात टाका, नाहीतर केसांना कसर लागते.