सोसायटी ग्रुप : वर्ल्ड कप अंदाज लीगचे नियम आजच ठरवू या

ए-४०२ : नमस्कार मंडळी. फुटबॉलचा वर्ल्ड कप ११ जूनला सुरू होतोय. आपल्या घड्याळात तेव्हा १२ तारखेचे रात्रीचे साडेबारा वाजलेले असतील. पहिली मॅच मेक्सिको विरुद्ध दक्षिण आफ्रिका. २०२२ च्या कतार वर्ल्ड कपच्या वेळेसारखी यंदाही अंदाज लीग, म्हणजे प्रत्येक मॅचचा स्कोअर आधी सांगून गुण मिळवायचा खेळ, चालवायची आहे, पण या खेपेला नियम आधी लिहून काढू. जे ठरेल ते मी पिन करते. नोकरीसाठी बाहेर गेलेल्या आपल्या पोरांनाही ग्रुपमध्ये घेतलंय.

बी-३०३ : नाद खुळा ताई! ब्राझीलची पहिलीच मॅच मोरोक्कोशी. माझा अंदाज आत्ताच लिहून घ्या.

ए-४०२ : फॉर्म येईपर्यंत थांब रे. अंदाज ग्रुपवर कुणीच टाकायचा नाही. हाच पहिला नियम.

सी-५०१ : का बरं ताई? व्हॉट्सअॅपचा पोल टाकला तर सोपं नाही का पडणार? मुलंसुद्धा पटकन करतील.

ए-४०२ : पोलमध्ये कुणी काय दिलं ते सगळ्यांना दिसतं हो वहिनी. आघाडीवरच्या माणसाचं बघून मागचे तसंच भरतात, मग फरक कधी तुटतच नाही. शिवाय एका पोलमध्ये १२च पर्याय बसतात आणि आपल्याला स्कोअर हवाय. गूगल फॉर्ममध्ये प्रत्येक नोंदीवर वेळेचा शिक्का पडतो. एकाच माणसाच्या दोन नोंदी आल्या तर मुदतीआधीची शेवटची धरायची. मुदत संपली की पूर्ण शीट सगळ्यांना खुली.

बी-१०१ : शीट एकट्या आयोजकाच्या हाती नसावी. तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे, पण तुम्हीही खेळणार आहात. दुसरा कुणीतरी रोज गुण पडताळून पाहणारा हवा.

ए-४०२ : अगदी बरोबर वकीलकाका. ते काम तुम्हीच घ्या.

बी-१०१ : घेतो. पैशांचंही आत्ताच बोलून घेऊ. गेल्या आठवड्यात लिफ्टमध्ये कुणीतरी म्हणत होतं की माणशी शंभर रुपये काढू. ते नको. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे, आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केंद्राने २०२५ मध्ये केलाय. आपल्या लीगमध्ये आठवी-नववीतली मुलं खेळतात. एक रुपयासुद्धा नको.

सी-५०१ : काकांना पूर्ण पाठिंबा. पैसे आले तर माझा मुलगा खेळणार नाही.

बी-३०३ : मान्य. मग जिंकणाऱ्याला काय?

ए-१०३ : फिरती ढाल ठेवा. आमच्या वेळी पेठेत ढालीसाठी पोरं जीव टाकायची. ढालीची किंमत मी देतो. नाव कोरायला जागा सोडा म्हणजे झालं.

ए-४०२ : आजोबा, तुमची ढाल ठरली. ❤️ आता गुणांचं. स्टुटगार्ट जागं आहे का?

सी-२०४ (स्टुटगार्ट) : आहे ताई. इथं जर्मनीत बऱ्याच ऑफिसांत अशी लीग असते. आमच्याकडची पद्धत सांगतो. फक्त निकाल बरोबर आला तर २ गुण, गोलफरकही जुळला तर ३, अचूक स्कोअरला ४. म्हणजे कतारला इंग्लंडने इराणला ६-२ हरवलं, ती मॅच घ्या. ३-० लिहिणाऱ्याला २, ४-० लिहिणाऱ्याला ३. ६-२ लिहिणारा कुणी असलाच तर त्याला ४.

बी-३०३ : अचूक स्कोअरला जास्त द्या की. ५ तरी.

सी-२०४ (स्टुटगार्ट) : नको. अचूक स्कोअर बराचसा नशिबाचा भाग असतो. त्याला फार गुण दिले की जो तो प्रत्येक मॅचला १-० किंवा २-१ लिहून मोकळा होतो, कारण तेच स्कोअर सगळ्यात जास्त येतात. गोलफरकाला गुण असले की माणूस थोडा विचार करतो, हा संघ एका गोलाने जिंकेल की तीन गोलांनी.

ए-१०३ : बरोबरीचं काय? १-१ लिहिलं आणि २-२ झाली, तर फरक आपसूकच जुळला. त्याला ३ देणार?

सी-२०४ (स्टुटगार्ट) : नाही आजोबा. बरोबरीत गोलफरक नेहमी शून्यच असतो, म्हणून तिथे ३ नाहीतच. निकालाचे २ किंवा अचूक स्कोअरचे ४. आणि बरोबरीला कुणी कमी लेखू नका. या वेळी ४८ संघ आहेत, १२ गट, आणि तिसऱ्या नंबरचे ८ संघसुद्धा पुढे जाणार. गटातल्या शेवटच्या मॅचला दोन्ही संघांना एक गुण पुरेसा असेल तर दोघंही जपून खेळतात. २०१६ च्या युरोत पोर्तुगालने गटातल्या तिन्ही मॅच बरोबरीत सोडवल्या, तिसऱ्या नंबरवरून पुढे गेले आणि कप घेऊन घरी आले.

बी-२०२ (दोहा) : सलाम मंडळी, आत्ता शिफ्ट संपली. मुदत किती वाजेपर्यंत ठेवताय? प्रत्येक मॅच सुरू होईपर्यंत ठेवा ना, म्हणजे संघ जाहीर झालेला बघून भरता येईल.

ए-४०२ : त्याला माझा विरोध आहे, आणि का ते नीट सांगते. स्पर्धा अमेरिका, कॅनडा, मेक्सिकोत आहे. आपल्याकडे मॅच रात्री साडेनऊपासून सकाळपर्यंत चालणार. पहाटेच्या मॅचची मुदत मॅच सुरू होईपर्यंत ठेवली तर जो जागा राहील तो संघ बघून भरेल आणि झोपलेला मागे पडेल. आजोबांनी तीन वाजता उठायचं का? शाळेच्या मुलांनी उठायचं? त्या रात्रीच्या सगळ्या मॅचसाठी एकच मुदत, भारतातले रात्रीचे ९. दोह्यात तेव्हा साडेसहा, स्टुटगार्टमध्ये साडेपाच. कुणालाच अडचण नाही.

बी-२०२ (दोहा) : हे पटलं. साडेसहाला मी घरी असतो.

सी-५०१ : जूनमध्ये आपल्याकडे पावसात लाइट गेली की नेटही जातं. एखादा दिवस चुकला तर?

ए-४०२ : चुकलेल्या दिवसाचे गुण शून्य, पण प्रत्येकाचा सगळ्यात कमी गुणांचा एक दिवस शेवटी वगळायचा. गावाला गेलेल्यालाही त्यात सांभाळून घेता येईल. दोन दिवस आधी भरून ठेवायचीही मुभा आहे, फॉर्म पुढच्या तीन दिवसांचे असतील.

बी-३०३ : आता मेन विषय. बाद फेरीत कुठला स्कोअर धरायचा? मागच्या फायनलला केवढा वाद झाला होता ग्रुपवर!

बी-१०१ : वाद होणारच. अर्जेंटिना-फ्रान्स ही एकच मॅच, पण नव्वद मिनिटांना २-२, जादा वेळेची ३० मिनिटं संपल्यावर ३-३ आणि पेनल्टी शूटआउटमध्ये ४-२. तीन स्कोअर, तिन्ही खरे. कुठला धरायचा हे आधी लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे प्रत्येकाला आपलाच बरोबर वाटला. आणि ती एकच मॅच नव्हे, कतारला बाद फेरीतल्या पाच मॅच शूटआउटवर गेल्या. क्रोएशिया-ब्राझील आठवा. नव्वद मिनिटांना ०-०, १२० मिनिटांना १-१.

बी-३०३ : ती आठवण काढू नका काका. नेमारने गोल मारला तेव्हा आख्खी गल्ली रस्त्यावर आली होती. ११७ व्या मिनिटाला सगळं शांत.

सी-२०४ (स्टुटगार्ट) : मी म्हणतो नव्वद मिनिटांचा धरा. सगळ्या मॅच मग एका मापाने मोजल्या जातात.

बी-१०१ : माझं मत १२० मिनिटांचं. अधिकृत नोंदीत ती फायनल ३-३ अशीच आहे, शूटआउट वेगळा लिहितात. सकाळी पेपर उघडला की जो स्कोअर दिसतो तोच आपल्या शीटमध्ये असावा. पडताळायला मी बसणार, मला एकच कागद पुरेल.

ए-१०३ : वकीलसाहेबांचं बरोबर. पोरं जादा वेळेत धावून धावून गोल मारतात, तो धरायचा नाही म्हणजे काय!

सी-२०४ (स्टुटगार्ट) : आजोबा बोलले, विषय संपला. १२०.

ए-४०२ : ठरलं. जादा वेळेपर्यंतचा स्कोअर, शूटआउटचे गोल धरायचे नाहीत. बाद फेरीच्या फॉर्ममध्ये एक वेगळा प्रश्न असेल, पुढे कोण जाणार. त्याचे २ गुण. म्हणजे १-१ लिहून क्रोएशिया पुढे असंही लिहिता येईल.

बी-२०२ (दोहा) : मस्त. आणि बाद फेरीला गुण दुप्पट, फायनलला तिप्पट?

ए-४०२ : इथं मला थोडं सविस्तर बोलायचंय. वाचा सगळ्यांनी.

गेल्या वेळचं शीट मी काल पुन्हा उघडून पाहिलं. पहिल्या आठवड्यात सगळे भरत होते. सौदी अरेबियाने अर्जेंटिनाला २-१ हरवलं त्या दुपारी ग्रुपवर केवढा दंगा होता. ३६ मॅच न हरलेला संघ हरला होता, जवळपास सगळ्यांचे अंदाज चुकले होते आणि तरीही सगळे खूश होते. दुसऱ्या दिवशी जपानने जर्मनीला हरवलं, तेव्हाही तसंच. पण गटसाखळी संपेपर्यंत खालच्या निम्म्या लोकांचे रकाने रिकामे पडायला लागले होते. मोरोक्कोने स्पेन आणि पोर्तुगालला बाहेर काढून सेमी फायनल गाठली. आफ्रिकेतला एकही संघ त्याआधी तिथवर पोचला नव्हता. आणि त्या मॅचना आपल्या शीटमध्ये मोजकीच नावं. लोकांचं फुटबॉलवरचं प्रेम आटलं नव्हतं. आपण आता वर येऊच शकत नाही हे त्यांना कळलं होतं, म्हणून ते थांबले.

यंदा मॅच ६४ नाहीत, १०४ आहेत. गटसाखळीच्याच ७२. पाच आठवडे हे चालणार. म्हणून नियम ठरवताना मी वरच्या दोघांचा विचार करत नाही, ते कसेही भरतीलच. जो सगळ्यात खाली आहे त्याला १९ जुलैच्या फायनलचा अंदाजही भरावासा वाटला पाहिजे, माझी कसोटी तीच. दुप्पट-तिप्पट गुणांनी ते साधत नाही. फायनल तिप्पट केली की आधीचे पाच आठवडे मेहनत घेतलेल्याची आघाडी एका रात्रीत जाते, मग तोही नाराज. त्यापेक्षा दोन तक्ते करू. गटसाखळीचा विजेता वेगळा, आणि बाद फेरीच्या ३२ मॅचना सगळे पुन्हा शून्यापासून. एकूण बेरजेला आजोबांची ढाल.

बी-१०१ : उत्तम. गटसाखळीत शेवटचा आलेला माणूसही बाद फेरीचा विजेता होऊ शकतो.

सी-५०१ : माझ्या मुलाने आत्ताच वाचलं. तो मागच्या वेळी मधेच सोडणाऱ्यांपैकी होता. म्हणतोय, आई, आता शेवटपर्यंत भरणार.

बी-३०३ : ताई, अजून एक. सगळ्यांच्या विरोधात जाऊन एकट्यानेच निकाल बरोबर सांगितला तर काहीतरी बोनस हवा. केप व्हर्दे, कुरासाओ, जॉर्डन, उझबेकिस्तान हे पहिल्यांदाच येतायत. त्यांच्यावर विश्वास टाकणाऱ्याला काही नको का?

बी-१०१ : मोठा बोनस ठेवला तर लोक मुद्दाम उलटे अंदाज भरतील.

ए-४०२ : १ गुण जादा ठेवू. तेवढ्यासाठी मुद्दाम उलटं भरणं कुणाला परवडणार नाही, आणि जर्मनीविरुद्ध कुरासाओ जिंकेल असं मनापासून वाटणाऱ्याचा मान राहील.

ए-१०३ : विश्वविजेता कोण हे कधी सांगायचं?

ए-४०२ : ११ जूनला रात्री ९ च्या आत, एकदाच, नंतर बदल नाही. १० गुण, फक्त ढालीच्या बेरजेत. दोघांचे गुण सारखे झाले तर ज्याचे अचूक स्कोअर जास्त तो पुढे. तरीही सारखे राहिले तर ढालीवर दोन्ही नावं कोरू.

ए-१०३ : मला तो फॉर्म जमायचा नाही पोरी. डोळ्यांनी बारीक दिसत नाही.

सी-५०१ : आजोबा, तुम्ही आमच्या घरी व्हॉइस मेसेज पाठवा, माझा मुलगा तुमच्या नावाने भरेल. तुमचा मेसेज ग्रुपवर मात्र टाकू नका, नाहीतर सगळे तुमचंच बघून भरतील.

ए-१०३ : १९८६ ला दूरदर्शनवर मॅराडोनाला पाहिल्यापासून मी एकाच संघाचं नाव घेतो. ते काय लपून राहणार आहे?

बी-३०३ : आजोबा, यंदा ब्राझील. लिहून ठेवा.

बी-२०२ (दोहा) : २०२२ ला मी इथंच होतो. लुसेल स्टेडियमच्या बाहेर सौदीचे लोक नाचताना पाहिलेत. यंदा त्यांच्या गटात स्पेन, उरुग्वे आणि केप व्हर्दे आहेत. माझा एक अंदाज सगळ्यांपेक्षा वेगळा असणार, एवढंच सांगतो.

ए-४०२ : पुरे पुरे, अंदाज फॉर्ममध्येच. 😄 सगळं आज रात्री टाइप करून पिन करते. वकीलकाका, टाकण्याआधी मसुदा तुम्हाला पाठवते, कुठे दोन अर्थ निघत असतील तर सांगा. मेमध्येच एक सराव फेरी घेऊ, सुरू असलेल्या कुठल्याही लीगच्या पाच मॅचची. त्याचे गुण धरायचे नाहीत, फक्त फॉर्म सगळ्यांना उघडतोय ना ते बघायचं. ज्यांना खेळायचंय त्यांनी इथं फ्लॅट नंबर आणि नाव टाका. बाहेरगावच्यांनी गावाचं नावही लिहा.

बी-१०१ : बी-१०१, मी आणि सौ. दोन स्वतंत्र नोंदी. तिचे अंदाज माझ्याशी जुळत नाहीत.

सी-२०४ (स्टुटगार्ट) : मी स्टुटगार्टहून, आणि आई-बाबा सी-२०४ मधून. आईला फॉर्म मी व्हिडिओ कॉलवर शिकवतो.

सी-५०१ : सी-५०१, मुलगा. आणि या वेळी मीसुद्धा.