शाखाधिकारी मॅडमचा विश्वास कसा मिळवू?

काळीमाती: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बँकेच्या शाखेत मी कृषी अधिकारी आहे. एप्रिलमध्ये नव्या मॅडम आल्या. आजवरची नोकरी शहरात, गृहकर्जावर. सध्या पीककर्ज नूतनीकरणाची गर्दी आहे. दहा वाजल्यापासून लोक सातबारा, आठ-अ घेऊन रांगेत असतात. मी गावात पाहणीला गेलो की दर तासाला फोन, "किती झाली?" काल तर शेतकऱ्यांसमोरच म्हणाल्या, "तुम्ही फाइली दाबून ठेवता." रात्री झोप लागली नाही. वडील वारले, जमीन मुलाच्या नावावर करायचा फेरफार झाला नाही, तर त्याची फाइल मी पुढे कशी सरकवू? मॅडम मेहनती आहेत, मनाने वाईट नाहीत. पण बोलू कसं?

निवृत्त_शाखाधिकारी: मी त्या खुर्चीत अकरा वर्षं बसलोय. संध्याकाळी विभागीय कार्यालयाची व्हीसी (व्हिडिओ बैठक) असते, तिथे आकडा नसला की सगळ्यांदेखत ऐकून घ्यावं लागतं. तुम्हाला येणारे फोन त्या भीतीपोटी आहेत. रोज चार वाजता, त्यांनी विचारायच्या आत कळवा: आलेल्या किती, मंजूर किती, अडलेल्या किती. अडलेल्या प्रत्येक फाइलपुढे लिहा, कुठे अडली: तलाठ्याकडे, दुसऱ्या बँकेच्या नो ड्यूजसाठी (कर्ज बाकी नसल्याचा दाखला), की आपल्याच टेबलावर. शेवटचंही खरं लिहा.
चारचौघांत बोलल्या ते मात्र सोडू नका. शटर खाली गेल्यावर केबिनमध्ये जाऊन सांगा की गावात माझा शब्द गेला तर वसुलीही जाईल.

वऱ्हाडी_वावर: भाऊ, एक दिवस त्यांना सोबत न्या. गृहकर्जाचा हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए (थकीत कर्ज), ही त्यांची सवय. खरिपाच्या पीककर्जाला दोन हंगाम मिळतात, हे परिपत्रकात वाचलेलं असतं, पण पटत नाही. आमच्या साहेबांना बोंडअळीनं गेलेलं वावर दाखवलं. शेतकऱ्याच्या घरी चहा घेतला. तेव्हापासून थकबाकीदाराशी त्यांची बोलायची पद्धतच बदलली.

काळीमाती: आठवडा झाला. चारचा निरोप रोज जातो. पहिल्याच दिवशी अडलेल्या नऊ फाइली निघाल्या. सहा वारसनोंदीच्या, दोन नो ड्यूजच्या, एक माझ्याकडेच राहिलेली. तीही लिहिली. मॅडम काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः तलाठ्यांना फोन लावला आणि चार नोंदींची तारीख घेतली. आता दिवसात एखादाच फोन येतो. केबिनमधलं बोलणं अजून राहिलंय. मंगळवारी आम्ही दोघं पाहणीला जातोय, परतताना गाडीत बोलेन.