घोस्ट श्रिंपची ‘प्रजाती’ की ‘जाती’?

भाचीच्या प्रोजेक्टसाठी घोस्ट श्रिंप या वाळूत बिळं करणाऱ्या समुद्री जीवावर मराठीत दोन पानं लिहायला बसले आणि एका वाक्यावर अडलेय. १८५४ मध्ये डेना नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियाच्या एका घोस्ट श्रिंपला कॅलिअ‍ॅनासा कॅलिफोर्निएन्सिस असं नाव दिलं, मग १९९१ मध्ये मॅनिंग आणि फेल्डर यांनी निओट्रायपीया हा नवा जीनस (जवळच्या जीवप्रकारांचा, म्हणजे स्पीशीजचा गट) केला आणि याला त्यात टाकलं, म्हणजे जीनस बदलला, स्पीशीज तीच. वर्तमानपत्रात तर दोन्हीला प्रजातीच म्हणतात, मग मी काय लिहू, प्रजाती बदलली पण प्रजाती तीच राहिली? आणि श्रिंपला कोळंबी चालेल ना?

ताई, विश्वकोशात आणि बालभारतीच्या पुस्तकांत जीनस म्हणजे प्रजाती, स्पीशीज म्हणजे जाती, त्याच्या वर कुल, गण, वर्ग, संघ. पेपरातली प्रजाती हिंदीच्या वळणाची आहे, तिकडे जीनसला वंश आणि स्पीशीजला प्रजाति म्हणतात. जाती लिहायला लोक कचरतात तेही समजतं मला, आपल्याकडे त्या शब्दाला दुसरंच ओझं आहे. त्यात आमच्या मावळात इंद्रायणीला तांदळाची जात म्हणतात, खरं तर ते वाण. तरी शास्त्राचं लिहिताना जाती सोडू नका, नाहीतर तुमच्यासारखी वाक्यं लिहिताच येणार नाहीत.

जातीचं वरच्यांनी सांगितलंच आहे, मी कोळंबीचं सांगते: कोळंबी मात्र नको हं. दोघं दशपाद (दहा पायांच्या) गणातले हे बरोबर, पण घोस्ट श्रिंप अ‍ॅक्सिइडिया गटातला, त्याचं नातं कोळंबीपेक्षा खेकड्यांशी जवळचं. एक नांगी मोठी एक लहान, अंग मऊ फिकट, आणि सगळा जन्म वाळूत चिखलात बिळं करण्यात जातो. पूर्वी याला मड श्रिंप नावाच्या, अशीच बिळं करणाऱ्या जीवांसोबत थॅलसिनिडिया या एकाच गटात धरायचे, ते आता वेगळे काढलेत, मड श्रिंप गेबिइडियात गेले. अजून एक, पुण्यात अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात घोस्ट श्रिंप म्हणून जो पारदर्शक जीव देतात तो हा नाहीच, तो खरोखरच झिंग्यांच्या जवळचा, त्याचा फोटो चिकटवू नका. कॅलिअ‍ॅनासा हे नाव ग्रीक पुराणातल्या एका सागरकन्येचं आहे, ते भाचीला नक्की सांगा, तिला आवडेल.

खूप आभार दोघांचे! वाक्य असं केलंय: ‘या घोस्ट श्रिंपची प्रजाती १९९१ मध्ये बदलली, जाती मात्र तीच राहिली.’ कोळंबी सगळीकडून काढली, घोस्ट श्रिंपच ठेवलंय.