ॲप्लिकवरून क्विल्टिंग करताना दोरा आणि टाका कोणता घ्यावा?

प्रश्न (दादर):
नातीच्या गोधडीवर सुती कापडाची कमळे ॲप्लिक करून (म्हणजे आकार कापून वरून बसवून) झाली असून आता वरचे कापड, कापसाचा थर आणि अस्तर मशीनवर एकत्र शिवायचे (क्विल्टिंग करायचे) आहे. टाके पाकळ्यांवरून न्यावेत की कडेने, आणि दोरा कोणता वापरावा?

उत्तर (गिरगाव):
पाकळ्या लहान असतील तर त्यांवरून शिवू नये. कडेला अगदी लागून, पण पाकळीबाहेरच्या कापडावर, एक फेरी मारली की पाकळी आपोआप उठून दिसते. पुढे पाव-पाव इंच अंतर राखून तीच रेषा बाहेर वाढवत न्यावी. तळहाताहून मोठी आकृती मात्र मोकळी सोडल्यास फुगीर आणि ढिली दिसते, म्हणून तिच्यात शिरांसारख्या दोन-तीन रेषा घालाव्यात.

उत्तर (मुलुंड):
रिळावरचा वेट क्रमांक (दोऱ्याची जाडी सांगणारा आकडा) जितका मोठा, तितका दोरा बारीक. ५० क्रमांकाचा सुती दोरा बहुतेक कामांना पुरतो. टाका दिसूच नये असे वाटत असेल तर ६० क्रमांकाचा पॉलिएस्टर दोरा कापडाच्या रंगाला जुळवून घ्यावा. पारदर्शक नायलॉनचा दोरा कडक इस्त्रीखाली वितळतो, त्यामुळे लहान मुलांच्या, वारंवार धुतल्या जाणाऱ्या गोधडीसाठी तो मला पसंत नाही. हातशिलाईचा लेप दिलेला दोरा मशीनमध्ये घालू नये, कारण तो लेप मशीनमधल्या, दोरा ताणून धरणाऱ्या चकत्यांत साचतो.

उत्तर (बोरिवली):
कमळे इस्त्रीने चिकटणाऱ्या जाळीने (फ्युजिबल वेब) बसवली असतील तर हाताची सुई सहज आरपार जात नाही, तेव्हा मशीनच बरे. वळणांसाठी कापड पुढे सरकवणारे खालचे दाते उतरवून डार्निंग फूट (कापड हाताने हवे तसे फिरवू देणारा मशीनचा पाय) लावावा, आणि आधी उरलेल्या तुकड्यांचे तिन्ही थर रचून दोऱ्याचा ताण तपासावा.