ओपनसीव्ही (कॅमेऱ्यातली चित्रं तपासायची लायब्ररी) सोर्सवरून कंपाईल करायचंय, १६ जीबी रॅमवर मधेच मरतंय. मशीन बदलू का?

अंबड_लिंकरोड
नमस्कार मंडळी. पिंपळगाव बसवंतकडे एका पॅकहाऊससाठी काम करतोय, पट्ट्यावरून द्राक्षाचे घड जातात आणि वरचा कॅमेरा रंग आणि मण्याची साईज बघून वेगळे करतो. कोड सी प्लस प्लसमधे आहे आणि ओपनसीव्हीचे कुडावाले (एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डवर, म्हणजे जीपीयूवर चालणारे) भाग लागतात, शिवाय डीएनएन (न्यूरल नेटवर्कचा भाग) पण जीपीयूवरच चालवायचंय. उबुंटूच्या रेपोतल्या (तयार सॉफ्टवेअरच्या साठ्यातल्या) पॅकेजात कुडा नाही म्हणून सोर्सवरून बांधायला घेतलं. मशीन म्हणजे रायझन ८ कोर १६ थ्रेड, १६ जीबी रॅम, आरटीएक्स ३०६०, उबुंटू २४.०४. निंजा (कंपाईलची कामं वाटून चालवणारा प्रोग्रॅम) चालू केला की बराच वेळ मस्त जातं आणि मग कधी "किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्रॅम सीसी१प्लस" येतं, कधी तर अख्खं टर्मिनलच गायब होतं. दुकानवाला म्हणतो मोठा प्रोसेसर घ्या. जानेवारीत माल सुरू होतो, त्याच्या आत बसवायचंय. नवीन मशीन घ्यावं का?

टर्मिनलवाली_सातपूर
प्रोसेसरला हात लावू नका दादा, तुमची रॅम संपतेय. निंजाला आकडा दिला नाही तर तो थ्रेडपेक्षा दोन जास्त कामं एकदम काढतो, म्हणजे तुमच्याकडे १८. ओपनसीव्हीसारख्या टेम्पलेटने भरलेल्या कोडमधे एकेक फाईल दीड-दोन जीबी सहज खाते, कुडाच्या फाईली तर जास्तच, मग १६ जीबीत १८ जण कसे बसणार? कर्नल (सिस्टिमचा गाभा) एकाला मारतो, तोच तो किल्ड. डीमेसेजमधे (कर्नलच्या नोंदी दाखवणारी कमांड) "आऊट ऑफ मेमरी" दिसेल, बघून घ्या. टर्मिनल गायब होतं ते वेगळं, उबुंटू डेस्कटॉपवर २२.०४ पासून सिस्टिमडी-ऊमडी (रॅम भरत आली की प्रोग्रॅम बंद करणारा) असतो, तो एका फाईलीवर न थांबता पूर्ण गटच मारून टाकतो.

निंजा डॅश जे ६ (एकावेळी सहाच कामं) करून चालवा. हळू वाटेल पण पूर्ण होईल. मोठा प्रोसेसर घेतलात आणि रॅम तेवढीच ठेवलीत तर अजून लवकर मरेल, कारण कामं अजून वाढतील.

द्राक्षबाग_निफाड
जे कमी करणं बरोबरच, पण मी म्हणतो आधी बांधायचंच कमी करा. टेस्ट, परफ टेस्ट, एक्झाम्पल्स हे तिन्ही ऑफ करा, पॅकहाऊसमधे त्याचा काय उपयोग. दुसरं म्हणजे कुडा आर्क बिन, कोणत्या कार्डासाठी बांधायचं ते सांगणारा ऑप्शन. ते दिलं नाही तर एकेक कुडा फाईल बऱ्याच पिढ्यांच्या कार्डांसाठी परत परत कंपाईल होत बसते. तुमच्या ३०६० चा आकडा ८.६, तेवढाच द्या, पीटीएक्सवालं (पुढच्या कार्डांसाठीचा मधला कोड) रिकामं ठेवा. वेळ कुठे जात होता ते एवढ्यावरच कळेल तुम्हाला. आणि बिल्ड लिस्टमधे फक्त लागणारे मॉड्यूल लिहा: कोअर, इमेजप्रोक, इमेजकोडेक्स, व्हिडिओआयओ, हायगुई, डीएनएन, कुडाइमेजप्रोक, कुडावॉर्पिंग, आणि कुडेव्ह आठवणीने टाका. ४.० पासून कुडाचे मॉड्यूल कॉन्ट्रिबमधे (जादा मॉड्यूलच्या वेगळ्या रेपोत) गेलेत, त्यामुळे कॉन्ट्रिबचा फोल्डर द्यावाच लागतो आणि त्याचा टॅग (आवृत्तीचा आकडा) मुख्य ओपनसीव्हीच्या टॅगशी जुळायलाच पाहिजे. एक ४.९ आणि एक ४.१० असं झालं की भलत्याच ठिकाणी एरर येतात आणि माणूस कंपायलरवर संशय घेत बसतो.

गोदाकाठ_००१
एक वेगळा प्रश्न. कंपाईल करायलाच पाहिजे का? मॉडेल ओएनएनएक्समधे (मॉडेल साठवायचा एक फॉरमॅट) असेल तर ओएनएनएक्स रनटाईमचं जीपीयूवालं तयार पॅकेज मिळतं, सी प्लस प्लससाठी पण मिळतं. मग ओपनसीव्ही रेपोतलं साधं वापरा. आपल्याला द्राक्ष निवडायचीत, लायब्ररी बांधत महिना घालवायचा नाही.

अंबड_लिंकरोड
@गोदाकाठ_००१ मॉडेलचं तसं करता येईल, पण फ्रेम जीपीयूवरच ठेवून रिसाईज आणि रंग बदलायचं काम पण तिथेच होतं, कॅमेरे दोन आहेत. तो कोड चाललेला आहे, सीझन तोंडावर असताना नाही बदलणार.
आर्क बिनचं माहीतच नव्हतं, करतो. रॅम ३२ करू का मग?

टर्मिनलवाली_सातपूर
हो, मशीन बदलण्याचे पैसे वाचले त्यात रॅम करा, नाशिकच्या एम.जी. रोडला मिळून जाईल, फक्त आहे त्याच स्पीडची जोडी घ्या. आत्ताच्यासाठी १६ जीबीची स्वॅप फाईल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) करून ठेवा, एखादी फाईल फुगली तर सांभाळून घेईल. स्वॅपच्या भरवशावर जे मात्र वाढवू नका, डिस्क घासत बसेल आणि माऊस पण हलणार नाही. सीकॅश (आधी कंपाईल झालेलं जपून ठेवणारा) पण बसवा, सीमेकला (बिल्डची मांडणी करून देणारा प्रोग्रॅम) कंपायलर लाँचर म्हणून सांगितला की पुढच्या वेळी न बदललेल्या फाईली चटकन निघतात. ऑप्शन बदलून बदलून बांधणाऱ्याला याच्याशिवाय पर्याय नाही.

मी एलएलव्हीएम (कंपायलरचा एक मोठा प्रोजेक्ट) बांधते, तिथे तर लिंकिंगलाच (कंपाईल झालेले तुकडे जोडताना) रॅम फुटते. त्यांनी एकावेळी किती लिंक चालवायच्या याचा वेगळा ऑप्शनच दिलाय, मी तो १ किंवा २ ठेवते, लिंकर एलएलडी, बिल्ड टाईप रिलीज आणि टार्गेट फक्त एक्स८६. डीबग बिल्ड गरज नसेल तर करूच नये, डिस्क पण जाते आणि रॅम पण.

सिडको_नाईटशिफ्ट
लाईटचं कोणी बोललंच नाही. मधे लाईट गेली तर निंजा परत सुरू केल्यावर झालेलं सोडून पुढे जातो हे खरं, पण नुकत्याच झालेल्या, डिस्कवर अजून पूर्ण न पोचलेल्या ऑब्जेक्ट फाईली (कंपाईल झालेले तुकडे) कधीकधी शून्य बाईटच्या राहतात. निंजाला वाटतं फाईल आहे म्हणजे झालं, आणि शेवटी लिंक करताना "फाईल ट्रंकेटेड" म्हणून ओरडतो. अशा वेळी सगळं पुसून पहिल्यापासून करायची गरज नाही, फाईंडने बिल्ड फोल्डरमधल्या शून्य साईजच्या डॉट ओ फाईली शोधायच्या, तेवढ्या उडवायच्या आणि परत निंजा. साधा यूपीएस असला तरी फरक पडतो. आणि बिल्ड रात्री लावा, दुपारी बंद खोलीत मशीन तापून स्पीड पाडतं.

अंबड_लिंकरोड
अपडेट देतो. जे ६, आर्क ८.६, टेस्ट बंद, यादी छोटी. रॅम अजून १६च आहे. किल्ड एकदाही नाही आलं. पण आता कुडाच्या फाईलीवर "अनसपोर्टेड जीएनयू व्हर्जन" येतंय.

द्राक्षबाग_निफाड
कुडा रेपोतून घेतलाय ना? २४.०४ च्या रेपोत १२.० आहे, त्याला जीसीसी (जीएनयूचा कंपायलर) १२ च्या वरचा चालत नाही आणि तुमचा मूळ जीसीसी १३. जी प्लस प्लस १२ बसवा आणि सीमेकला कुडा होस्ट कंपायलर म्हणून तो दाखवा. नाहीतर एनव्हिडियाच्या साईटवरून १२.४ किंवा पुढचा कुडा घ्या. तपासणी बंद करायचा एक फ्लॅग नेटवर सगळे सांगतात, तो लावू नका, पॅकहाऊसमधे चालणाऱ्या मशीनवर तर नकोच. आणि कंपायलर बदलला की सीमेक कॅशची फाईल उडवूनच परत कॉन्फिगर करा, तो जुनंच धरून बसतो.

अंबड_लिंकरोड
झालं! जी प्लस प्लस १२ ने पूर्ण बांधलं गेलं, रात्री लावलं होतं, सकाळी तयार. खूप खूप आभार सगळ्यांचे. आता इन्स्टॉल थेट करू का? आधीचं रेपोवालं ओपनसीव्ही पण आहे मशीनवर.

टर्मिनलवाली_सातपूर
थेट नको. इन्स्टॉल प्रिफिक्स (कुठे बसवायचं तो पत्ता) म्हणून ऑप्टमधे स्वतःचा फोल्डर द्या, त्यात आवृत्तीचं नाव लिहा, आणि तुमच्या प्रोजेक्टच्या सीमेकला ओपनसीव्ही डीआयआर तिकडचा दाखवा. दोन्ही आवृत्त्या शेजारी राहतील, रेपोवाल्यावर अवलंबून असलेलं काही तुटणार नाही. बिल्ड फोल्डरमधली इन्स्टॉल मॅनिफेस्टची फाईल जपून ठेवा, कुठे काय टाकलं त्याची यादी तिच्यात असते, काढायची वेळ आली तर तीच लागते. पॅकहाऊसच्या मशीनवर परत कंपाईल करत बसू नका, तिथे पण २४.०४ आणि ८.६ वालंच कार्ड असेल तर हा फोल्डर उचलून तिकडे ठेवा आणि कुडाची लायब्ररी तीच आवृत्ती बसवा. निघण्याआधी एलडीडी (लागणाऱ्या लायब्ररी सापडतात का ते दाखवणारी कमांड) चालवून बघा, कुठे "नॉट फाऊंड" दिसलं तर ते इथेच निस्तरा, पिंपळगावला गेल्यावर नाही.