मदत हवी आहे: हिमयुगातल्या समुद्राची क्षारता काढताना तापमान आणि मीठ वेगळं कसं करतात?

नमस्कार मंडळी. मी यावल तालुक्यातला, जळगावला एम.एस्सी. करतोय. पंधरा दिवसांनी सेमिनार आहे, विषय अरबी समुद्राची जुनी क्षारता. एका जागी पार अडकलोय.

समजलंय ते आधी सांगतो, चुकलो तर अडवा. ग्लोबिजेरिनॉइड्स रुबर हा फोरामिनिफेरा (कवचवाला एकपेशीय समुद्री जीव) वरच्या पाण्यात वाढतो, मेला की त्याचं चुन्याचं कवच तळाच्या गाळात जमा होतं. कवचातलं ऑक्सिजन-18 (ऑक्सिजनचा जड प्रकार) किती, हे पाण्याच्या तापमानावर आणि खुद्द पाण्यात ते किती आहे त्यावर ठरतं. बाष्पीभवनात हलका ऑक्सिजन-16 जास्त उडतो, म्हणून खाऱ्या पाण्यात 18 वाढतो; पावसाचं, नदीचं पाणी मिसळलं की घटतो. शिवाय 21,000 वर्षांपूर्वी हलक्या ऑक्सिजनचं एवढं पाणी बर्फात अडकलं होतं की समुद्र सुमारे 120 मीटर खाली होता. त्यामुळे सगळ्याच समुद्रात 18 वाढलेला, तोही हिशेब वजा करायचा.

बाष्पीभवनाचं मला लगेच पटलं. आमच्या केळीच्या बागेत मे महिन्यात ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर बसतो, नखाने खरवडला की पिठासारखा निघतो. वडील बोअरच्या पाण्यात ईसी मीटर (विद्युतवाहकतेवरून क्षार सांगणारं यंत्र) बुडवून आकडा वाचतात. जुन्या समुद्रासाठी हे कवच हाच मीटर.

पण तापमान वजा करायला त्याच कवचातलं मॅग्नेशियम-कॅल्शियम गुणोत्तर घेतात. पाणी गरम असलं की मॅग्नेशियम वाढतं, हे ठीक. मात्र क्षारता वाढली तरी ते थोडं वाढतं! म्हणजे जी शोधायची तीच तापमानात आधीच शिरून बसलेली. हा गुंता तुम्ही कसा सोडवता? शैवालांच्या अल्केनोनवरून (गाळात टिकणारं त्यांचं सेंद्रिय संयुग) तापमान काढलं, तर ती शैवालं आणि हे जीव एकाच ऋतूतले धरायचे का?

दुसरं, ऑक्सिजन-18 वरून क्षारतेवर यायला आजच्या पाण्यातल्या ऑक्सिजन-18 आणि क्षारतेच्या नात्याची रेषा वापरतात. मोसमी पाऊसच बदलला असेल तर नर्मदा-तापीचं पाणीही बदललं, मग रेषा तीच कशी राहील? मला हीच बाजू सगळ्यात लंगडी वाटते. नदीच्या पाण्यासाठी कवचातलं बेरियम बघतात, पण अरबी समुद्रात खालचं पाणी वर येतं तेव्हा त्याच्यासोबतही बेरियम येतं ना?

हे दशांशापुरतं नाही. उत्तर अटलांटिकचं खारं, थंड पाणी जड होऊन बुडतं, त्यावर मोठं अभिसरण चालतं. सुमारे 12,900 वर्षांपूर्वी ते मंदावलं तेव्हा आपल्याकडचा मोसमी पाऊसही कमजोर झाला होता. खान्देशात पाऊस लांबला की कापसाची पेरणी कशी खोळंबते ते मी दरवर्षी बघतो.

दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत किंवा इतरत्र कुणी गाळाच्या नमुन्यांवर काम केलं असेल तर कृपया सांगा: शेवटच्या आलेखात क्षारतेला त्रुटीचा पट्टा (आकडा किती वर-खाली असू शकतो तो) किती रुंद दाखवता? क्षारतेचं एक एकक वर-खाली धरलं तर माझा अर्धा आलेख त्या पट्ट्यातच बुडतो.